लाल पट्टीखालचं पत्र

एका वेबसाइटवर खातं उघडत होते आणि त्यांनी पाठवलेला खातरजमेचा मेल काही केल्या येत नव्हता. 'मेल आला नाही? स्पॅम फोल्डर बघा' असं खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतंच, म्हणून तिकडे गेले. एरवी मी त्या फोल्डरकडे फिरकत नाही. न काढलेल्या तिकिटाला लागलेली लॉटरी, पंधरवड्यात पोट सपाट करणारं चूर्ण, कुणा परदेशी विधवेला एकटीला न झेपणारी इस्टेट, वाटेत अडकून माझ्या एका क्लिकसाठी ताटकळलेलं पार्सल, अशी सगळी मंडळी तिथे दाटीवाटीने बसलेली असतात. त्या गर्दीत एकच ओळ मराठीत होती. 'ओळखलंस का गं?'

पाठवणारीचं नाव नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे. पत्र उघडलं तर वर ठसठशीत लाल पट्टी: हा संदेश धोकादायक वाटतो, यातल्या लिंकवर क्लिक करू नका, आपली माहिती देऊ नका. आणि पट्टीच्या खाली: 'अगं, घाईत लिहितेय, बाकी सविस्तर नंतर. पण हे तू बघायलाच हवंस!!! आधी खालच्या लिंकवर क्लिक कर. पासवर्ड तुला माहीत आहे. तुझं ते नाव, ज्याने हाक मारली की तू चिडायचीस.' सही नाही. तिची गरजही नव्हती. एकापुढे एक तीन उद्गारचिन्हं ठोकायची सवय मी आयुष्यात एकाच मुलीची पाहिली आहे. शाळेच्या निबंधातसुद्धा ती तशीच ठोकायची आणि बाई दर वेळी लाल पेनने त्यातली दोन खोडायच्या. शिवाय ते नाव आमच्या बाकापलीकडे कुणाला ठाऊकच नव्हतं. पासवर्ड मी टाकायचा होता, पण ओळख तिची पटली होती.

लिंकवरून एक झिप फाइल, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं, उतरली. आत शाळेतले फोटो, स्कॅन केलेले, कडांना पिवळट, एकावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा उमटलेला. सोबत भाच्याने हौसेने लिहून दिलेला एक छोटासा प्रोग्रॅम. तो चालवला की फोटो गाण्यासकट एकामागून एक सरकणार, असं तिने कळवलं होतं. मी त्याला हात लावायच्या आत उजव्या कोपऱ्यातून एक चौकट वर आली. ढाल, ढालीवर उद्गारचिन्ह (एकच), आणि टण्णकन आवाज. 'धोका निष्प्रभ केला.' प्रोग्रॅम गायब. कुठे नेला म्हणून शोधलं तर क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटिव्हायरसच्या संशयितांच्या कोठडीत. तिथे 'परत आणा' असं बटण होतं, ते दाबलं. तो परत आला आणि डोळ्यांदेखत पुन्हा उचलून नेला गेला. फोटो तेवढे राहिले. गाणं कुठलं होतं ते तिला नंतर विचारलं, तर म्हणाली, तू चालवून बघितल्याशिवाय सांगणार नाही.

पत्राची तारीख पाहिली तेव्हा मात्र पोटात गोळा आला. त्या फोल्डरमधला मजकूर ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो आणि तिच्या पत्राचे थोडेच दिवस उरले होते. तो खातरजमेचा मेल वेळेवर इनबॉक्समध्ये पडला असता, तर हे पत्र आलं होतं हे मला जन्मात कळलं नसतं. तिकडे ती मला शिष्ट समजून बसली होती.

चडफडले. मग शांतपणे विचार केला, तर स्पॅम वेगळं काढणाऱ्या फिल्टरचं फारसं चुकलेलंच नव्हतं.

त्याच्या बाजूने बघा. कधीही पत्रव्यवहार न झालेला पत्ता. नाव न सांगता एकदम एकेरीवर येणं. घाई. उद्गारचिन्हं. 'क्लिक कर' अशी थेट आज्ञा, त्यात पासवर्डचा विषय. लिंकपलीकडे कुलूप घातलेली झिप, म्हणजे आत काय आहे ते वाटेत कुणाला तपासता येणार नाही. त्या झिपमध्ये चालणारा प्रोग्रॅम, आणि त्यावर कुठल्या कंपनीची डिजिटल सही नाही. आजचे अँटिव्हायरस एखादी फाइल जगात आणखी किती यंत्रांवर आहे हेही बघतात. लाखो लोकांकडे असेल तर तिच्यावर विश्वास जास्त, कुणाकडेच नसेल तर संशय जास्त. भाच्याने मावशीच्या मैत्रिणीसाठी बनवलेली फाइल लाखो लोकांकडे कुठून असणार? एका माणसाने एका माणसासाठी हाताने बनवलेली वस्तू जगात एकुलतीच असते, आणि या हिशेबात एकुलतं असणं हाच पहिला ठपका.

हा हिशेब मुळात आला कुठून, त्याची गोष्टही मजेदार आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस बेज नावाचे एक धर्मोपदेशक होते. संभाव्यतेवरचा त्यांचा निबंध त्यांच्या हयातीत छापलाच गेला नाही. ते गेल्यावर त्यांच्या कागदपत्रांत तो एका मित्राला सापडला, त्याने तो पुढे धाडला आणि १७६३ साली तो प्रसिद्ध झाला. मित्राच्या हातून योग्य ठिकाणी पोचलेल्या या निबंधावर पुढे मित्रांची पत्रं अडवणारी यंत्रणा उभी राहावी, हा योगायोग मला भारी वाटतो. २००२ च्या ऑगस्टमध्ये पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने एक लेख लिहिला आणि या जुन्या गणिताने स्पॅम कसं ओळखता येईल ते दाखवलं. हे गणित त्याच्याही आधी काही जणांनी स्पॅमला लावून पाहिलं होतं, पण लोकांच्या मनात ते बसलं या लेखाने. कल्पना साधी. चांगल्या मेलांचा एक ढीग, वाईट मेलांचा एक ढीग. प्रत्येक शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते मोजायचं आणि नव्या मेलमधल्या शब्दांवरून तो कुठल्या ढिगातला असेल याचा अंदाज बांधायचा. ग्रॅहमच्या हिशेबात एक माणुसकीची जागा होती. निरपराध पत्र अडवलं जाणं हा स्पॅम सुटून येण्यापेक्षा कितीतरी मोठा गुन्हा, असं मानून त्याने चांगल्या ढिगातल्या शब्दांची संख्या सरळ दुप्पट धरली होती. संशयाचा फायदा पत्राला. तोच त्या लेखात सांगतो की स्पॅम ओळखण्याच्या खुणांमध्ये भडक लाल रंगाचा संगणकी क्रमांक फार वर निघाला, अगदी अश्लील शब्दांच्या बरोबरीने. म्हणजे जो भडक लाल रंग वापरून ओरडतो तो बहुधा भामटा, हे गणितानेच तेव्हा सांगून टाकलं होतं.

आणि आता माझ्या पडद्यावर भडक लाल रंगात कोण ओरडतं? माझाच अँटिव्हायरस.

त्याच्याकडे येते, पण आधी जिव्हाळ्याबद्दल. मैत्रिणीसारखं लिहिणं गुन्ह्याच्या यादीत कसं गेलं? त्याची तारीख सांगता येते. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून निघालेला एक मेल जगभर पसरला. विषय: 'आय लव्ह यू'. आत एवढंच, की सोबत माझं प्रेमपत्र आहे, कृपया बघ. जोडलेल्या फाइलचं नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी' असं संपल्यासारखं दिसायचं, पण त्यापुढे 'डॉट व्हीबीएस' हे खरं शेपूट होतं आणि विंडोज अशी ओळखीची शेपटं मुळातच लपवून ठेवायचं. माणसाला दिसायचं साधं पत्र, यंत्र चालवायचं प्रोग्रॅम. तो चालला की यंत्रातले फोटो आणि इतर फाइली खराब करायचा आणि पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना स्वतःच्या प्रती पाठवून द्यायचा. खरी मेख ह्या शेवटच्या भागात होती. ते पत्र अनोळखी माणसाकडून येत नसे. ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून यायचं, आतेभावाकडून यायचं, जिच्याकडून यावं असं मनात असेल तिच्याकडूनही एखाद्याला आलं असेल. संशयिताचा माग लागला, पण असल्या कृत्याला लागू पडेल असा कायदाच तेव्हा त्या देशात नव्हता, त्यामुळे खटला उभा राहिला नाही. शिक्षा कुणाला झाली असेल तर ती ओळखीच्या माणसांनी पाठवलेल्या ओळखीच्या सुरातल्या पत्रांना. 'हे बघच' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाकडे त्यानंतर यंत्रं तिरक्या नजरेने बघू लागली, आणि माणसंही.

भामट्यांना आपली भाषा कशी नेमकी सापडते याचं मला नेहमी नवल वाटत आलंय. इस्टेटवाल्या विधवेचा मेल वाचून आपण हसतो. इतकं अशुद्ध, इतकं अतर्क्य, कोण फसेल? कॉर्मॅक हर्ली या संशोधकाने २०१२ साली याचं उत्तर उलट बाजूने दिलं. मेल पाठवायला खर्च जवळपास नाही, खरा खर्च आहे तो उत्तर देणाऱ्याला पुढे आठवडेच्या आठवडे गुंडाळत बसण्याचा. म्हणून सुरुवातच इतकी हास्यास्पद ठेवायची, की ज्याला शंका येऊ शकते तो पहिल्याच ओळीत गळून जावा आणि उरेल तो शेवटपर्यंत उरेल असाच असावा. आपण ज्याला भामट्याचा अडाणीपणा समजतो ती त्याची चाळणी असते. आपल्याकडे स्पॅमचा फिल्टर आहे तसा त्याच्याकडे आपला आहे, आणि त्याचा बहुधा आपल्यापेक्षा बरा चालतो.

पण ही जुन्या वळणाची मंडळी. हल्लीचा चोर 'अगं' म्हणत नाही. तो 'प्रिय ग्राहक' म्हणतो. 'आपल्या खात्यासंबंधी महत्त्वाची सूचना' असा विषय लिहितो, फिकट निळ्या चौकटीत मोजका मजकूर देतो, शुद्धलेखन सांभाळतो, तळाशी गोपनीयतेचं धोरण जोडतो. एवढंच काय, सही-शिक्केही त्याच्याकडे असतात. ईमेलची मूळ व्यवस्था १९८२ साली ठरली तेव्हा पाठवणारा सांगेल ते नाव खरं मानायची रीत होती. मोजक्या, एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांचं ते जग होतं. पुढे ते अंगाशी आलं, आणि मग एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशी तपासणीची ठिगळं एकावर एक लागत गेली. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी रोज हजारोंनी मेल पाठवणाऱ्यांना या तपासण्या सक्तीच्या केल्या, आणि स्पॅम म्हणून येणाऱ्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायची अटही घातली. चांगलंच झालं. पण या तपासण्या सांगतात काय? मेल ज्या डोमेनचं, म्हणजे पत्त्यातल्या @ च्या पुढच्या भागाचं, नाव लावून आलाय तिथूनच तो आला आहे, एवढंच. ते डोमेन कालच, फसवायच्याच उद्देशाने विकत घेतलेलं असेल, तरी कागदपत्रं चोख. माझ्या त्या बिचाऱ्या मैत्रिणीकडे काय होतं? नुकताच उघडलेला पत्ता आणि तीन उद्गारचिन्हं.

अशा रीतीने कोरडेपणाला दार उघडं, आणि सलगीची पाठवणी मागच्या कोठडीत.

आता तो ढालवाला. त्याचं-माझं जुनं आहे. पहिला संगणक घेतला तेव्हापासून कुठला ना कुठला अँटिव्हायरस त्यावर आहेच. त्या काळी दर आठवड्याला 'फुल स्कॅन' चालायचा आणि घरातल्या सगळ्यांना तो ऐकू यायचा. हार्ड डिस्क आतून कुरकुर कुरकुर करायची, पंखा चढत चढत असा घोंघावायचा की आता टेबल सोडून उडणार, आणि पडद्यावर फाइलींची नावं वाचता येणार नाहीत अशा वेगाने पळत राहायची. तेवढ्या वेळात साधं पत्र टाइप करायचं म्हटलं तरी अक्षर दाबल्यावर ते उमटायची वाट बघावी लागे. घरातल्या एका उत्साही सभासदाने एकावर एक सुरक्षित म्हणून दुसराही अँटिव्हायरस टाकला होता. तेव्हा दोघे जुंपले. प्रत्येक फाइल उघडताना मध्ये हात घालून ती तपासायची, हे दोघांचंही काम. एकाने फाइल धरली की दुसरा ती सोडवायला बघे, आणि एकाने जपून ठेवलेल्या व्हायरसच्या खुणा बघून दुसऱ्याला वाटे की हाच व्हायरस. यंत्र गोठून गेलं. पुढे २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं आणि प्रत्येक बारीकसारीक कामाला सगळा पडदा काळवंडून 'परवानगी आहे का?' असं विचारू लागलं. पहिले काही दिवस माणूस वाचून 'हो' म्हणतो, नंतर न वाचताच म्हणतो. वारंवार विचारलेल्या प्रश्नाला मिळणारं उत्तर उत्तर उरत नाही, नुसतं बोट हलतं. पुढच्या विंडोज ७ मध्ये ते प्रश्न बरेच कमी केले गेले, म्हणजे ही गोष्ट बनवणाऱ्यांनाही कळली असावी.

न कळलेली एक जमात आहे, ती अजून माझ्या उजव्या कोपऱ्यात राहते. 'आपण सुरक्षित आहात' हे सांगायला ती मला कामातून उठवते. राखणदाराने तासातासाला दार ठोठावून 'मी जागा आहे हं' असं सांगावं, तशातला प्रकार. 'या महिन्यात इतक्या हजार फाइली तपासल्या.' बरं. 'आपला संगणक हळू चालत आहे, ७ अडचणी सापडल्या.' त्या अडचणी कोणत्या हे बघायला गेलं की पैसे भरायचं पान. लायसन्स संपायला महिना उरला की तोंडाची चव बदलते. आधी आठवण, मग काळजी, मग धाक. हिरवी ढाल पिवळी होते, पिवळी लाल होते, 'आपला संगणक धोक्यात आहे' आणि खाली मोठ्ठं बटण. आता गंमत अशी, की नेमकी हीच लाल चौकट, हेच वाक्य, हेच बटण वापरून लोकांना नकली अँटिव्हायरस विकण्याचा धंदा कित्येक वर्षं जगभर जोरात चाललेला आहे. इंटरनेटवर फिरताना एकदम पडदा लाल होतो, संगणकात अमुक इतके व्हायरस सापडले म्हणून आकडा येतो, आत्ताच साफ करा म्हणून बटण येतं. घरातली वडीलधारी मंडळी मला बोलावून विचारतात, 'बाळ, हे खरं की खोटं?' मी चष्मा लावून चौकटीच्या कडा बघते, अक्षरांचं वळण बघते, ती ब्राउझरच्या आत आहे की बाहेर ते बघते. प्रामाणिकपणे सांगायचं तर शब्दांवरून मला कधीच फरक सांगता आलेला नाही. चोराने राखणदाराची भाषा उचलली हे समजू शकते. राखणदाराने ती बदलायला हवी होती. त्याने तिचा आवाज वाढवला.

रागाच्या भरात मी या मंडळींना नालायक म्हणत असते, पण ते न्यायाचं नाही हेही मला माहीत आहे. फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच गणिताने दाखवून दिलं होतं की प्रत्येक व्हायरस ओळखेल आणि कुठल्याही निर्दोष प्रोग्रॅमवर चुकूनही बोट ठेवणार नाही असा अँटिव्हायरस बनूच शकत नाही. सोडवायला अवघड अशातलं हे नव्हे. अशक्यच. म्हणजे जे उरतं ते कुठल्या बाजूला किती चुकायचं एवढंच. आणि चूक महाग पडू शकते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एक अत्यावश्यक फाइल व्हायरस म्हणून उचलली, आणि ती यंत्रं पुनःपुन्हा बंद-चालू होत बसली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर आणून उभी केली, विमानं अडकली, इस्पितळं अडकली. ते घरच्या वापराचं सॉफ्टवेअर नसल्यामुळे माझं यंत्र त्या दिवशी खुशाल चालू होतं आणि कोपऱ्यातून मला 'आपण सुरक्षित आहात' असं सांगत होतं. या सगळ्या जमातीचं एकमत म्हणाल तर एका फाइलवर आहे. आयकार नावाच्या युरोपीय संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी ती अवघ्या ६८ अक्षरांची फाइल. पहारा जागा आहे का हे तपासण्यासाठी ठरवून बनवलेली. कुठलाही अँटिव्हायरस घ्या, तिला बघितलं की तो बोंब मारतोच. आणि ती फाइल पूर्णपणे निरुपद्रवी आहे.

स्पॅमच्या फिल्टरबद्दलही माझं मन एकसारखं राहत नाही. फिल्टर फारसे नव्हते तो काळ मी पाहिलेला आहे. सकाळी मेल उघडायचा आणि आधी दहा मिनिटं डिलीट, डिलीट, डिलीट करत बसायचं. त्या लयीत बोट कधी कधी भलत्याच पत्रावर पडायचं. त्या मानाने आज माझा इनबॉक्स स्वच्छ असतो आणि त्याबद्दल मी कधी कुणाचे आभार मानलेले नाहीत. २००४ साली दावोसमध्ये बिल गेट्स म्हणाले होते की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न मिटलेला असेल. तो मिटला नाही, दिसेनासा झाला. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मॅककोलो नावाच्या एकाच होस्टिंग कंपनीची इंटरनेट जोडणी तोडली, तर जगातलं निम्म्याहून अधिक स्पॅम एका दिवसात थांबलं होतं. काही आठवड्यांत दुसरीकडून सुरूही झालं. का होणार नाही? त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी स्पॅम पाठवणाऱ्या एका जाळ्यात शिरून मोजणी केली. औषधांच्या जाहिरातीचे जवळपास ३५ कोटी मेल गेले. त्यांतून खरेदीपर्यंत पोचलेले लोक २८. मला त्या अठ्ठावीस जणांविषयी फार कुतूहल आहे. त्यांच्यामुळे बाकीच्या कोट्यवधींच्या दाराशी चाळण्या बसल्या आणि त्या चाळणीत वर्षानुवर्षांची मैत्रीण अडकली. कोण असतील ते? एखादा लाजरा, ज्याला औषध मागायला दुकानात जायचा संकोच वाटत होता? एखादी रात्री उशिरापर्यंत जागी असलेली बाई, जिला निदान कुणीतरी लिहिलंय एवढं पुरेसं होतं?

आता माझंच बघा. गेल्या काही वर्षांत मी मेलचे विषय कसे लिहिते ते परवा सहज चाळून पाहिलं. 'कागदपत्रांबाबत.' 'शनिवारच्या भेटीसंदर्भात.' 'वाढदिवसाच्या शुभेच्छांबाबत', हा चुलत बहिणीला! पूर्वीच्या पत्रांत 'अगं ऐक ना', 'एक गंमत', 'रागावलीस?' असले विषय होते. हे बदलायला मला कुणी सांगितलेलं नाही. पत्र पोचावं म्हणून आपसूक झालं. उद्गारचिन्हं गेली. 'हे बघच' गेलं. लिंक पाठवायची असेल तर आधी दोन वाक्यं स्वतःची ओळख पटवणारी घालते, मग फोन करून सांगते की ती लिंक मीच पाठवली आहे. चुलत बहीण म्हणते, तुझे मेल बँकेतून आल्यासारखे वाटतात. मी म्हटलं, पोचतात ना? ती म्हणाली, पोचतात, पण उघडावेसे वाटत नाहीत.

तिचं ऐकून आणखी काही सुधारलं नाही, पण त्या ढालवाल्याला काढायचं मात्र ठरवलं. विंडोजमध्ये डिफेंडर हा स्वतःचा अँटिव्हायरस असतोच आणि घरच्या वापराला तो पुरतो, असं आता जाणकारही म्हणतात. काढणं म्हणजे दिव्यच होतं. 'अनइन्स्टॉल'वर क्लिक केलं तर रडका चेहरा आणि 'आम्हाला सोडून जाताय?' त्याखाली ठळक बटण 'सुरक्षित राहा', आणि फिकट करड्या अक्षरांत, जवळजवळ अदृश्य, 'तरीही काढा'. मग कारण विचारणारी यादी. त्यात 'फार बोलतो' असा पर्याय नव्हता, 'इतर' निवडलं. मग यंत्र बंद-चालू. मग कळलं की त्याचा एक तुकडा मागे राहिलाय आणि तो काढायला त्याच कंपनीचं वेगळं साधन उतरवून घ्यावं लागतं. ते उतरवलं. डिफेंडरने त्या साधनाकडे बघून विचारलं, हा अनोळखी प्रोग्रॅम खरंच चालवायचा का? पहिल्यांदाच एखाद्या इशाऱ्याने मला मनापासून हसू आलं.

संध्याकाळी त्या कंपनीचा मेल आला. विषय: 'आपला संगणक असुरक्षित आहे!!!' आत भडक लाल पट्टी, घाई, 'इथे क्लिक करा', आणि आजच्या दिवसापुरती निम्म्या किमतीची सवलत. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, तिन्ही तपासण्या उत्तीर्ण. आला होता अर्थातच इनबॉक्समध्ये. मी त्याला 'स्पॅम' असा शिक्का मारून मागे ढकलला. दोन-चार दिवसांनी दुसरा आला, थोड्या वेगळ्या पत्त्यावरून, तोही इनबॉक्समध्येच. यात माझं नावही बरोबर लिहिलं होतं.